दिघा ते बेलापूर, रानातून

दिघा, ५ नोव्हेंबर १९७९

भगवान,

मी माझ्या हाताने केलेल्या वस्तू आधी लिहितो.

एक चाक. सागाचं, वरून लोखंडी धाव. व्यास ६३६.६ मिलिमीटर, म्हणजे एका फेऱ्याला बरोबर दोन मीटर. फेरे मोजायला एक काउंटर, छपाईच्या मशीनच्या भंगारातला, पण त्याचे दात मी नव्याने कापले. चढ मोजायची एक पाटी: शाळेचा कोनमापक, त्याला शिशाचा ओळंबा. ताडपत्रीची पिशवी, शिवण दुहेरी. टायरच्या तळव्यांचे बूट, हा तिसरा जोड. आणि चार हात लांब नकाशा, दिघ्याच्या धरणापासून बेलापूरच्या टेकडीपर्यंतचा. त्यात मधला एक तुकडा अजून कोरा आहे.

यातलं चाक, काउंटर आणि पाटी काल तुमच्या गावाने मोडली. तुला माहीत आहे, तू तिथे उभा होतास.

'प्रिय' लिहिलेलं नाही, ते विसरून नाही.

आज पहिल्या पाळीला आलो तर फोरमन म्हणाला, भगवानने राजीनामा टाकला, उरणला मेहुण्याच्या होडीवर निघाला. अकरा वर्षं आपण एका लेथच्या दोन बाजूंना होतो. त्या चाकावर धाव चढवली तेव्हा तापलेलं लोखंड एका सांडशीत तू धरलं होतंस, दुसऱ्या सांडशीत मी. 'आता ही बैलगाडी कुठं जुंपतोस?' असं विचारून सगळ्या डिपार्टमेंटला हसवलं होतंस. निदान दहा रविवार तू माझ्याबरोबर गवळीदेवाच्या डोंगरापर्यंत चालला आहेस. मी काय करतो, हे तुला माहीत नव्हतं असं नाही.

काल झालं ते मी जसंच्या तसं लिहून ठेवतो, नाहीतर पुढे तू तुझ्या सोयीने आठवशील.

सकाळी दहा वाजून दहा मिनिटं. तुमच्या गावावरचा झरा. काउंटर ४,३१२. तुझी आई आणि आणखी चार बाया गवत कापत होत्या. तुझ्या आईने विळा खाली ठेवून विचारलं, "खालची शेता मोजून झाली, आता डोंगर पन मोजाला आयलास का रं?" मी सांगितलं, बाई, मी सरकारचा माणूस नाही. एकजण म्हणाली, "नाव काय तुझा?" मी म्हणालो, रावसाहेब हिवराळे. नावातला 'साहेब' ऐकून त्या सगळ्या एकदम बोलायला लागल्या. नाव बापाने ठेवलं, त्याला मी काय करणार. हाकेला पुरुष वर आले. मी म्हणालो, भगवानला विचारा. तुला आणलं. तुझ्या आईने विचारलं, "वलखतोस याला?"

तू म्हणालास, "कंपनीन हाय माझे संगती. कोनासाठी मोजतो, त्ये मना म्हाईत नाय."

पहिला दगड तुझ्या आईने घातला. म्हातारी आहे, मला राग नाही. राग तुझ्या वाक्याचा आहे. मला शिव्या दिल्या असत्यास तरी चाललं असतं.

चुन्याच्या बाणांचं म्हणशील, तर त्याविषयी मला काही लिहायचं नाही.

पत्ता फोरमनकडून घेतला. उत्तराची वाट पाहत नाही.

रावसाहेब


दिघा, २३ मार्च १९८०

भगवान,

उत्तर आलं नाही, ते मी म्हटलंच होतं.

चाक नवं केलं. या वेळी बाभळीचं. साग हलका म्हणून तेव्हा वापरला होता, पण बाभूळ मार खाते. व्यास तोच. लेथची दुसरी बाजू आता एका नव्या माणसाकडे आहे. तो काम चांगलं करतो आणि बोलत नाही.

नकाशातला कोरा तुकडा भरला, ते कळवायला लिहितो. सांगण्यासारखं माझ्याजवळ दुसरं कोणी नाही. घरी मुक्ताला सांगितलं तर ती म्हणते, "सापडलं ना? मग आता गॅलरीचं दार दुरुस्त करा."

तुला ती जागा आठवत असेल. गवळीदेवाच्या पलीकडे ओहोळ खोल जातो आणि समोर कातळ. इथपर्यंत सगळी वाट झाडीतली: ऐन, कुडा, असाणा, मधे मोहाची रांग. खाली कंपन्यांचे भोंगे ऐकू येतात आणि एकही धुराडं दिसत नाही. लोक असल्या सावलीसाठी तिकीट काढून माथेरानला जातात. मला ती माझ्या उंबऱ्यापासून हवी होती, अखंड, दिवसभर पुरेल एवढी. आणि नेमकी त्या कातळाशी ती तुटत होती. खाली उतरून डांबरी रस्ता धरायचा आणि परत चढायचं, ही माझ्या लेखी वाट नव्हे. सात रविवार मी तिथून मागे फिरलो.

आठव्या रविवारी ठाकरांच्या पाड्यावरची एक बाई मोळी घेऊन त्या कातळातूनच आल्यासारखी समोर आली. गोजरा नाव. साठीची असेल.

"काय शोधतंस?"

"वाट."

"कुठं जायाची?"

"बेलापूरला."

"खाली मोटार हाय की."

"मला रानातूनच जायचंय."

तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "बायकोनं हाकलला काय?"

"नाही."

"मंग?"

"चालायला आवडतं."

"आवडतं ना? मंग ही घे," म्हणाली आणि मोळी माझ्या डोक्यावर दिली. चाक तिने घेतलं आणि पुढे चालायला लागली, पोरीने गाडा ओढावा तशी. काउंटर टिकटिक करायला लागला की हसायची.

कातळाला डावीकडून चीर आहे, भगवान. समोरून दिसत नाही, वरून करवंदीची जाळी आहे. आत माणूस मोळीसकट जातो. पलीकडे पुन्हा झाडी.

मी तिला विचारलं, पुढच्या धारेपर्यंत किती अंतर? ती म्हणाली, "चार टेक." टेक म्हणजे मोळी टेकायचा दगड. वाटेच्या कडेला छातीइतक्या उंचीचा, माथा सपाट. दुसऱ्या कोणाचा हात न लागता मोळी त्यावर उतरवायची, दम खायचा आणि तिथूनच पुन्हा डोक्यावर घ्यायची. हे दगड मी शंभर वेळा पाहिले होते आणि एकदाही नोंदले नव्हते. माझ्या लेखी ते नुसते दगड होते.

मग ते चार टेक मी मोजले. पहिला २१० मीटरवर, तिथे उभा चढ आहे. पुढचा २६०, मग ३१०, आणि सपाटीवर ४६०. एकूण १,२४०. माझं चाक चढाला आणि सपाटीला सारखंच मोजतं. या बायांच्या मानेने चढ धरून हिशेब केलेला आहे, आणि तो माझ्या पाटीपेक्षा चांगला आहे. हे मी सहजासहजी कोणाबद्दल लिहीत नाही.

त्यानंतर मी मागे जाऊन सगळी वाट पुन्हा पाहिली. दिघ्यापासून सगळीकडे टेक आहेत. काही वेलींनी झाकलेत, पण आहेत. म्हणजे मी वाट शोधत होतो असं नाही. ती होती. मी तिच्यावर चुन्याचे बाण काढत बसलो होतो.

आता चुन्याचं लिहितो. तू मला म्हणाला होतास, गेरू वापर, चुना नको, आमच्या पट्ट्यात आधी चुन्याचा ठिपका येतो आणि मागून जमीन घ्यायची नोटीस. मी म्हणालो होतो, गेरू पंधरा पावलांवरून दिसत नाही, चुना चाळीस पावलांवरून दिसतो. ते आजही खरं आहे. पण तुमच्या झऱ्यावर मी जो बाण काढला, तो तू सांगितल्यानंतर काढला. एवढं मी मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं.

बाण पुसले. दोनशे बारा. काथ्याच्या कुंच्याने, खालून पाणी वाहून नेऊन. नऊ रविवार गेले. तुझ्यासाठी पुसले असं समजू नकोस. वाटेवर आधीच खुणा होत्या, माझ्या जास्तीच्या होत्या, म्हणून पुसले.

रावसाहेब


दिघा, १८ जुलै १९८२

भगवान,

तुझं कार्ड मिळालं. अडीच वर्षांनी दोन ओळी. 'चाक नवा केलास असा आयकला. अजून कोणासाठी मोजतोस?'

बरं झालं विचारलंस. आता नीट वाच.

माझे आजोबा जालन्याकडच्या आमच्या खेड्यात गावचे महार. दोन गावांत शिवेचं भांडण लागलं की दोन्हीकडचे पाटील त्यांना बोलावत. आजोबा पुढे चालायचे, मागे दोन गावं. ते जिथून जातील ती शीव. त्यांचा शब्द शेवटचा, त्यावर पंच नाही, अपील नाही. आणि चालून चालून तहान लागली की पाणी वरून ओंजळीत. ज्या जमिनीची हद्द त्यांच्या पायांनी ठरली, तिच्या विहिरीला त्यांचा हात लागलेला चालत नव्हता. वडलांनी छप्पन साली ही गावकीची सगळी कामं टाकली. दीक्षा घेऊन आले आणि पाटलाला सांगितलं, आता तुमची शीव तुम्ही शोधा.

तेव्हापासून आमच्या घरातला कोणी माणूस कोणाच्या हुकमाने डोंगर चाललेला नाही. मी चालतो तो माझ्या मर्जीने. मोजतो कारण मला मोजायला येतं. चौथी शिकलो, त्रिकोणमिती रद्दीतल्या पुस्तकातून शिकलो, आणि जे येतं ते मी करणार. तुमच्याकडे फुकट आणि हौसेने काही करणारा माणूस फक्त कोणाचा तरी हस्तकच असू शकतो का? साहेबलोक दुर्बीण घेऊन पाखरं बघायला येतात, त्यांना कोणी विचारत नाही कोणासाठी बघता. मला विचारतात. का ते तुला माहीत आहे आणि मलाही.

तर उत्तर: कोणासाठीही नाही.

वाट पूर्ण झाली. २४ जानेवारीला मुक्ता आणि मी धरणापासून निघालो, पहाटे पाच चाळीसला, आणि सव्वाचारला बेलापूरच्या टेकडीवर पोचलो. फक्त महापेचा रस्ता एकदा ओलांडावा लागतो, बावीस पावलं. बाकी सगळं रान. एकंदर २३ किलोमीटर ४१० मीटर, चाकाचे ११,७०५ फेरे. टेक एकोणसाठ. प्रत्येक टेकाची उंची, माथ्याची झीज आणि तिथे भेटलेली माणसं तारखेनिशी वहीत आहेत. वह्या पाच झाल्या.

वर बसून भाकरी खाताना मुक्ता म्हणाली, "एवढं चालवायचंच होतं, तर बेलापुरात एखादा पाहुणा तरी करून ठेवायचा होता. चहा मिळाला असता." येताना बसने आलो. बसमध्ये ती झोपली. कधी नव्हे ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली.

पुन्हा कार्ड लिहिशील तेव्हा प्रश्न दुसरा विचार.

रावसाहेब


दिघा, ९ फेब्रुवारी १९८६

भगवान,

साडेतीन वर्षांनी तुझं दुसरं कार्ड. 'खाणवाल्याकडून आठ हजार घेऊन वह्या विकल्यास असं जेट्टीवर ऐकलं. खरं का?'

त्याचं उत्तर त्याच्या जागी येईल. आधी क्रमाने लिहितो. तुझ्या घरच्यांनी तुला काय कळवलं मला माहीत नाही. तुझ्या आईला लिहिता येत नाही, आणि तू गावी येत नाहीस हे तीच मला म्हणाली.

गेल्या सप्टेंबरात तुमच्या गावावर खाण सुरू झाली. झऱ्याच्या अलीकडे काटेरी तार आली. टेक नंबर तेवीस ते सव्वीस तारेच्या आत गेले. गवत, जळण आणि झऱ्याचं पाणी सगळं पलीकडे. गावाने अर्ज केला की आमची वहिवाटीची वाट अडवली. खाणीच्या शेठने सांगितलं, इथे वाट कधीच नव्हती, गुरं फिरतात तेवढीच. चौकशीच्या अधिकाऱ्याने गावाला पुरावा मागितला. आता पायाखालच्या वाटेचा कागद कोण करून ठेवतं?

नोव्हेंबरात एका दुपारी दारात आवाज आला, "मोजनीवाल्या, घरान हायस का?"

तुझी आई. एकटी, बस बदलून आलेली, हातात सुक्या बोंबलांची पुडी. मुक्ता तिला ओळखत नव्हती. मी सांगितलं, या पुतळाबाई, भगवानची आई, चाक यांनी मोडलं. मुक्ता म्हणाली, "बसा की मग. चहा साखरेचा चालतो का?" माझी बायको अशी आहे.

पुतळाबाईंनी आमच्या घरचं पाणी मागून घेतलं, पेला तोंडाला लावून प्यायल्या, आणि मग सरळ मुद्द्यावर आल्या. "गोजरा बोलते, तुझे वहीन आमची वाट हाय. ती वही दे."

"वही देणार नाही," मी म्हणालो.

"पैसे पायजेत?"

"नकोत. वही माझ्या हातातून जात नाही. मी येतो आणि वाचतो."

"तुना कोनी बोलावला?"

"कोणीच नाही. म्हणूनच येतो."

तिने मुक्ताकडे पाहिलं. "ह्यो घरान पन असाच बोलते का गं?"

"घरात जास्त," मुक्ता म्हणाली.

चौकशी १६ जानेवारीला जागेवरच झाली. डोंगरावर अधिकारी, शेठ, शेठचा वकील आणि अर्धं गाव. मी सात वह्या आणि चाक घेऊन गेलो. चाळीस मिनिटं वाचलं. टेक तेवीस, उंची एक मीटर अठ्ठावीस, माथ्यावर झीज दोन सेंटिमीटर. १४ डिसेंबर १९८०, तीन मोळ्या, एक पाण्याचा हंडा. ८ मार्च १९८१, लग्नाचं वऱ्हाड, माणसं एकतीस, नवरी चालत. असं प्रत्येक वर्षाचं. अधिकाऱ्याला मधे जांभई आली, ते खोटं कशाला सांगू. पण वऱ्हाडाचं वाचलं तेव्हा मागून एक बाई म्हणाली, "ती आमची सून."

वकील उठला. "तुम्ही सर्वेअर आहात?"

"नाही. फिटर."

"शिक्षण?"

"चौथी."

"या चाकाला कोणाचं सर्टिफिकेट?"

"टेप लावा," मी म्हणालो.

अधिकाऱ्याच्या माणसाने पोलादी टेप काढला, तीस मीटरचा. वाटेवर ताणला. मी चाक चालवलं. पंधरा फेऱ्यांना तीन मिलिमीटर फरक आला. मी अधिकाऱ्याला सांगितलं, तुमच्या टेपची कडी ओढून वाकली आहे, फरक तिचा आहे. त्याने कडी पाहिली. वाकलेली होती. त्यानंतर त्याला जांभई आली नाही.

मग तो तारेतून आत गेला आणि टेक चोवीसच्या माथ्यावरून त्याने हात फिरवला. बराच वेळ फिरवला. एवढा गुळगुळीत दगड गुरांनी होत नाही, हे त्याला कोणी सांगावं लागलं नाही.

तार मागे घ्यायचा आणि वाट चार मीटर रुंद मोकळी ठेवायचा हुकूम ३० तारखेला झाला. खाण बंद झालेली नाही. टेक सव्वीस आधीच सुरुंगात गेला होता, तो कोणत्याही हुकमाने परत येत नाही. नकाशावर मी तिथे फुली केली आहे. आता एकूण अठ्ठावन्न.

उतरताना तुझी आई माझ्या शेजारी होती. ती म्हणाली, "तुझा चाक मीच मोडला व्हता."

मी म्हणालो, हो, मी होतो तिथे.

"बरा झाला मोडला. ह्यो जास्त चांगला हाय."

ती माफी नव्हती आणि मी मागितलीही नव्हती. बाभूळ सागापेक्षा चांगली, हे तिचं बरोबर आहे.

वाट उघडी आहे. रविवारी पाच चाळीसला मी धरणावर असतो. हे आमंत्रण नाही, वेळ कळवली. तुझ्या गावाखालून जाताना मी हाक मारत नाही. पण तुझ्या आईला आता गुडघ्यांमुळे झऱ्यापर्यंत चढवत नाही, आणि घागर कोणीतरी आणायला हवी. गेले दोन रविवार ती मी आणली.

जय भीम.

रावसाहेब

ता. क. तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. खरं तर देणार नव्हतो. तू तेव्हा माझ्यासाठी एक वाक्य बोलू शकला असतास आणि बोलला नाहीस, म्हणून आता मी का बोलावं, असा विचार करून कार्ड आठ दिवस तसंच ठेवलं. पण तुझ्या जेट्टीवर चुकीची माहिती फिरते आणि ते मला सहन होत नाही. २१ डिसेंबरला, शनिवारी, पहिली पाळी सुटल्यावर शेठचा माणूस कंपनीच्या गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर आला. पैसे रोख होते, पेटीत, मला उघडून दाखवले. सात वह्या द्यायच्या आणि चौकशीच्या दिवशी घरी बसायचं, एवढंच काम. मी म्हणालो, नाही. त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा नाही म्हणालो, माझ्या चहाचे पैसे मी दिले आणि उठलो. तेव्हा तुझी बातमी दोन ठिकाणी चुकली आहे. एक, मी घेतले नाहीत. दोन, आठ हजार नव्हते. वहीला चार हजार, वह्या सात. रुपये अठ्ठावीस हजार फक्त.